झोपाळ्याचा पिवळा रंग

मे महिन्यात आपल्याकडे दोन ठिकाणी हमखास रंगकाम निघतं. एक शाळेत, कारण जूनमध्ये दारं उघडतील तेव्हा सगळं चकचकीत दिसायला हवं. दुसरं सोसायटीच्या किंवा नगरपालिकेच्या बागेत, कारण पावसाळ्याआधी लोखंडाला रंगाचा हात दिला नाही तर गंज धरतो. रंगारी येतो, झोपाळ्याचे खांब, घसरगुंडीची शिडी, सीसॉ, माकडशिडी सगळं पॉलिश पेपरने खसाखसा घासतो, फडक्याने झटकतो आणि वर नवा ऑइलपेंट चढवतो. मुलांना सुट्टी असते, त्यामुळे ती तिथेच असतात. रंगाऱ्याभोवती उभी राहून बघत असतात, घासून झालेल्या खांबाला हात लावून बघतात, खाली बसून वाळूत खेळतात.

पालकहो, आज मला तुमच्याशी त्या घासण्याबद्दल बोलायचं आहे. नव्या रंगाचा विषय महत्त्वाचा आहेच, पण घासण्यातून उडणारी जुन्या रंगाची भुकटी हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझी मुलगी पाचवीत आहे आणि शाळेच्या कवायतीत डंबेल्सच्या पथकात आहे. स्नेहसंमेलनाच्या सरावासाठी तिने एकदा डंबेल्सची जोडी घरी आणली. आपण सगळ्यांनी लहानपणी हातात धरलेली, तीच लाकडी जोडी. मधे मूठ आणि दोन्ही टोकांना गोळे. वरचा रंग लाल होता. जिथे दोन गोळे एकमेकांवर आपटतात तिथे लाल उडून खालचा पिवळा दिसत होता, पिवळ्याच्या खाली हिरवा आणि त्याच्याही खाली उघडं लाकूड. दरवर्षी कुणीतरी मायेने वरून एक हात देत गेलं होतं. मुलगी ठोके द्यायला लागली तशी टेबलावर रंगाची बारीक धूळ जमली. तळहात लालसर झाले होते आणि त्याच हाताने ती मधेच शेंगदाण्याची चिक्की खात होती.

त्या रंगात शिसं होतं की नव्हतं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. मलाही नाही आणि तुम्हालाही नाही. पण शंका घ्यायला जागा का आहे, ते सांगते.

रंगात शिसं घालतात त्यामागे व्यवहार आहे. शिशाचं क्रोमेट हे लखलखीत पिवळं द्रव्य आहे. एका हातात पृष्ठभाग झाकतं, उन्हात लवकर विटत नाही आणि स्वस्त पडतं. त्यात थोडा बदल केला की नारिंगी छटा मिळते, निळं मिसळलं की हिरवा. लोखंडाला गंजापासून वाचवणाऱ्या जुन्या प्रायमरमध्ये शिशाचं लाल ऑक्साइड असायचं. पारंपरिक शेंदूर म्हणजे हेच ऑक्साइड. ऑइलपेंट लवकर सुकावा म्हणून शिशाची संयुगं घालायचीही रीत होती. आता बागेतले आणि क्रीडागृहातले रंग आठवून बघा. पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा. मुलांना आवडतात म्हणून निवडलेले हे भडक रंगच जगभरच्या तपासण्यांत शिशाच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पुढे आलेले आहेत.

आपल्या देशात यावर नियम आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो अधिसूचित केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा (९० पीपीएम) जास्त असता कामा नये. म्हणजे एक किलो सुकलेल्या रंगात जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. मर्यादा चांगली कडक आहे. पण शब्द नीट वाचा. घरगुती आणि सजावटीच्या. औद्योगिक वापराचे रंग या नियमात येत नाहीत. झोपाळे आणि घसरगुंड्या बनतात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये. तिथे ग्रिल, गेट, ट्रॉली यांना मारायला जो रंग आणलेला असतो, तोच झोपाळ्यालाही बसू शकतो. शिवाय २०१७ च्या आधीचे थर आपल्या शाळांत आणि बागांत अजून जागच्या जागी आहेत, नव्या रंगाच्या खाली.

खेळण्यांसाठी वेगळा आदेश आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का सक्तीचा झाला आणि त्यामागच्या मानकात रंगातून सुटणाऱ्या शिशाची चाचणीही येते. हे फार चांगलं झालं. पण त्या मानकाच्या व्याप्तीतून खेळाचं साहित्य आणि सार्वजनिक क्रीडांगणावरची साधनं वगळलेली आहेत. परिणामी दुकानातून आणलेली प्लॅस्टिकची छोटी बॅट खेळणं म्हणून तपासली जाते, पण शाळेतले रंगवलेले स्टंप, कवायतीचे डंबेल्स, रिलेचं बॅटन, अडथळ्यांच्या शर्यतीच्या चौकटी आणि बागेतला झोपाळा यांच्या रंगाला कुणी विचारत नाही. मुलाचा हात दोन्हीकडे सारखाच लागतो. या फटीचा मला मनापासून राग येतो. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या प्रत्येक वस्तूच्या रंगाला हीच ९० ची मर्यादा घातली आणि मुलांसाठीचं खेळाचं साहित्यही त्यात आलं. आपल्याकडे हे व्हायला हवं आणि होईपर्यंत प्रश्न विचारण्याचं काम आपल्याला, पालकांना, करावं लागेल.

हा प्रश्न फक्त आपल्या देशाचा आहे असंही कुणी समजू नये. अमेरिकेने घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं आणि तरीही १९९६ मध्ये तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला सार्वजनिक क्रीडांगणांवरच्या जुन्या रंगात शिसं सापडलं, म्हणून खास मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. जोहान्सबर्गच्या बागांमध्ये सापडलं. २०१६ मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण इंग्लंडमधली पन्नासच्या आसपास क्रीडांगणं तपासली, तिथेही सापडलं.

यातली सगळ्यात जुनी गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे आणि ती मला फार जवळची वाटते. क्वीन्सलँड हा तिथला उन्हाचा प्रांत. ब्रिस्बेनच्या मुलांच्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिशाच्या विषबाधेची मुलं येऊ लागली. पोटात कळा, हातापायांतली शक्ती गेलेली, काहींची नजर अधू. शिसं येतंय कुठून, हे कळेना. पाणी, भांडी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. लॉकहार्ट गिब्सन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १९०४ मध्ये ठामपणे लिहिलं की दोष घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांचा आहे. तिथल्या उन्हाने रंग पिठासारखा सुटायचा, कठडा धरून खेळणाऱ्या मुलांच्या घामट हातांना चिकटायचा आणि नखं खाणाऱ्या, बोटं चोखणाऱ्या मुलांच्या पोटात जायचा. रंगाचे तुकडे कुणी खात नव्हतं, फक्त हात तोंडात जात होता. गिब्सन यांचं म्हणणं मान्य व्हायला बरीच वर्षं गेली. शेवटी १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी शिशाचा रंग वापरण्यावर कायद्याने बंधन घातलं.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या पालकांनी आपल्या उन्हाची आठवण करावी. एप्रिलच्या दुपारनंतर बागेतल्या जुन्या झोपाळ्याच्या खांबावरून हात फिरवला तर बोटांना रंगाचं पीठ लागतं. पोपडे उडालेले नसले तरी लागतं.

किती शिसं पोटात गेलं तर किती झालं, याचा एक हिशोब मांडते. समजा जुन्या रंगात १ टक्का शिसं आहे. जुन्या ऑइलपेंटात याहून बरंच जास्तही आढळलेलं आहे. अशा रंगाच्या १०० मिलिग्रॅमच्या पोपड्यात, म्हणजे नखाएवढ्या तुकड्यात, १ मिलिग्रॅम शिसं आलं. म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या रोजच्या आहारातून येणाऱ्या शिशासाठी सावधगिरीची जी पातळी धरली आहे, ती आहे २.२ मायक्रोग्रॅम.

पोटात गेलेलं सगळं शिसं रक्तात उतरत नाही, हे खरं. पण मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल चार ते पाच पट शिसं शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं, हाडांत आणि दातांत साठवतं, आणि मेंदूत जिथे कॅल्शियमच्या इशाऱ्यावर पेशी एकमेकींशी बोलतात तिथेही ते घुसतं. मूल उपाशी असेल, त्याच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर शोषण आणखी वाढतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. म्हणजे शिशासाठी दार आधीच उघडं आहे. हाडांत गेलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथे राहतं आणि पुढे गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं तेव्हा त्याच्याबरोबर बाहेर येतं. मुलींच्या आयांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

आणि लक्षणं? बहुतेक वेळा काहीच नाहीत. पोटदुखी, बद्धकोष्ठ, चिडचिड वगैरे पातळी बरीच वाढल्यावर दिसतात. त्याच्या खाली जे होतं ते वर्गात दिसतं. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले आणि त्यांत शिसं मोजलं. त्यांच्या शिक्षकांना दातांबद्दल काही न सांगता विचारलं, हे मूल लक्ष देतं का, हातात घेतलेलं पुरं करतं का, सांगितलेलं ऐकून तसं करतं का. दातातलं शिसं जसं वाढत गेलं तशी शिक्षकांची तक्रारही पायरीपायरीने वाढत गेली. बुद्ध्यंकही कमी भरला. ती मुलं आजारी नव्हती, रोज शाळेत येत होती. धडधाकट दिसणाऱ्या मुलाचं नुकसान होऊ शकतं, हे या दातांनी दाखवून दिलं.

यावरून कृपा करून असं समजू नका की आपलं मूल अभ्यासात लक्ष देत नाही म्हणजे झोपाळ्याच्या रंगाचाच दोष. लक्ष न लागण्याला शंभर कारणं असतात. शिशाचे मार्गही अनेक आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या भट्ट्या, काही ठिकाणची कल्हई, काही ठिकाणचं काजळ. तो पिवळा क्रोमेट तर हळदीत भेसळ म्हणूनही सापडलेला आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात शिशाची पातळी ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असल्याचा अंदाज दिला आणि त्यातली सुमारे २७.५ कोटी मुलं भारतातली धरली. एवढं सगळं एका बागेतून येत नाही. पण बाग आणि शाळा आपल्या हातातली आहे, आणि तिथला धोका थांबवायला मोठा खर्च नाही.

म्हणून पुन्हा मे महिन्याकडे येते. रंगकामाचा ठराव ज्या सभेत होतो त्या सभेला जा. पालक-शिक्षक संघात असाल तर मुख्याध्यापकांशी आधीच बोला. पहिली गोष्ट अशी की जुना रंग कोरडा घासायचा नाही. ग्राइंडर लावायचा नाही आणि ब्लोलॅम्पने जाळून तर मुळीच काढायचा नाही, त्याने शिसं धुरातून फुफ्फुसात जातं. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो तसाच ठेवून, ओल्या फडक्याने पुसून, वर चांगला थर द्यावा. जिथे पोपडे सुटले आहेत तेवढीच जागा पाणी मारून वॉटरपेपरने ओली घासावी. खाली जाड प्लॅस्टिक अंथरावं आणि निघालेला चिखल त्यातच गुंडाळून घ्यावा. झाडू मारू नये, झाडूने भुकटी हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. काम चालू असताना मुलं त्या आवारात नकोत, बघायलासुद्धा नकोत. झोपाळ्याखालची वरची वाळू किंवा माती काढून दुसरी टाकता आली तर जरूर टाकावी, कारण वर्षानुवर्षांचे पोपडे तिथेच पडलेले असतात आणि छोटी मुलं तिथेच बसतात.

दुसरी गोष्ट नव्या रंगाच्या डब्याची. डबा उघडण्याआधी त्याचा फोटो मागून घ्या. उत्पादकाचं नाव-पत्ता, बनवल्याची तारीख आणि शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा उल्लेख डब्यावर असायला हवा. दुसऱ्या कामातून उरलेला, बाटलीत ओतून आणलेला सुटा रंग मुलांच्या साहित्याला नको म्हणून ठामपणे सांगा. नवीन झोपाळा करून घेत असाल तर वर्कशॉपच्या कोटेशनमध्येच ही अट लिहून घ्या. मागून बोलून उपयोग होत नाही.

तपासून घ्यायचं असेल तर रंगाचा छोटा तुकडा, मोठ्या माणसाने, ओला करून काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देता येतो. घरी चोळून बघायच्या काड्यांवर विसंबू नका. त्या कधी नसलेलं शिसं दाखवतात, कधी असलेलं लपवतात.

डंबेल्स, घुंगूरकाठ्या, रिंगा या लाकडी वस्तूंचं उत्तर त्याहून सोपं आहे. लाकूड गुळगुळीत असेल तर त्याला रंग लागतच नाही. आपला मल्लखांब बघा. सागाचा किंवा शिसवीचा उभा खांब, त्यावर मुलं छाती, गाल, मांड्या घासत चढतात, आणि त्याला चोळतात काय तर एरंडेल. रंगाचा एक थेंबही नसतो. मुलीच्या शाळेत बोलले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी ते लगेच उचलून धरलं. ते म्हणाले, "बाई, रंग आम्ही फक्त संमेलनाच्या फोटोसाठी द्यायचो. गोळ्यांना रंगीत फिती बांधू." नवे डंबेल्स बिनरंगाचे आले. एकमेकांवर आपटतात तेव्हा आवाजही खणखणीत येतो.

जुन्या डंबेल्सचं काय करायचं, हे सांगायला हवं. आपल्याकडे मोडकं रंगीत लाकूड बंबात जातं किंवा होळीत. रंगीत लाकूड जाळू नका. त्याचा धूर घातक आणि राखही घातक, आणि ती राख कुणीतरी भांडी घासायला घेतं. बांधून ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

तालमीत जाणाऱ्या मुलांच्या घरी एक नाजूक गोष्ट. तालमीतल्या मारुतीला शेंदूर असतो, मुलं पाया पडतात, कपाळाला लावतात. ते थांबवा असं मी म्हणणार नाही. पण शेंदूर म्हणून मिळणाऱ्या पुडीत काय आहे, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. म्हणून नमस्कार झाला की हात धुवायला शिकवा आणि ते बोट तोंडात जाऊ देऊ नका.

घरी आपण करू शकतो ते साधंच आहे. खेळून आल्यावर, खाण्याच्या आधी साबणाने हात आणि नखांखालून धुणं. नुसतं सॅनिटायझर चोळून शिसं जात नाही. बुटांची धूळ दाराबाहेर. सुट्टीच्या सकाळी मूल उपाशीपोटी बागेत पळू नये. नाचणी, तीळ, डाळी, पालेभाज्या आणि बरोबर लिंबू किंवा आवळा ताटात असू द्या. मुलाला रक्तक्षय असेल तर डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध पुरं करा. यातलं काही शिशावरचा उतारा नाही, पण आत जाणारं प्रमाण यामुळे कमी होतं.

रक्ततपासणी प्रत्येक मुलाची करत सुटायची गरज नाही. मूल पोपडे तोंडात घालतं, माती खातं, किंवा घरात कुणी रंगकाम अथवा बॅटरीचं काम करतं, तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. शिरेतून काढलेल्या रक्ताची तपासणी मोठ्या पॅथॉलॉजी लॅब करतात. आकडा आला की घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. शिशाची पूर्ण सुरक्षित अशी पातळी नाही. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून तो मार्ग बंद करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत ३.५ ला दखल घेतात. शिसं बाहेर काढणारी औषधं साधारण ४५ आणि त्यावर, रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. अंगातलं विष काढण्याच्या नावाखाली विकलेली चूर्णं मुलांना देऊ नका. मार्ग बंद झाला की रक्तातलं शिसं काही महिन्यांत उतरायला लागतं.

एका माणसाबद्दल बोलायचं राहिलं. तो रंगारी. आपली मुलं त्या भुकटीत तासभर असतात, तो वर्षभर असतो. संध्याकाळी त्याच कपड्यांत, तीच भुकटी केसांत घेऊन तो घरी जातो, तेव्हा धावत येऊन त्याच्या कमरेला मिठी मारणारं मूल आपल्या मुलाच्याच वयाचं असतं. ओलं घासायला वेळ जास्त लागतो, तेव्हा त्याची मजुरी त्या हिशोबाने वाढवून द्या. चांगला मास्क आणि हातमोजे सोसायटीच्या खर्चाने आणा. जेवायच्या आधी आणि काम सुटताना त्याला साबण, पाणी आणि कपडे बदलायला एक खोली मिळायला हवी. क्लबहाउसची किल्ली आदल्या दिवशीच सेक्रेटरींकडून मागून ठेवा.